नादेरसाहेब नको म्हणाले

"काका, आज उपास नाही ना?" असं विचारून गोलनाझने माझ्या उत्तराची वाट न बघता ताटात कबाब ठेवला.

"रविवारचा कसला उपास?"

"तुमचं काही सांगता येत नाही. आमच्या कॉलेजातल्या मॅडमना जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, चातुर्मास आहे, कांदा-लसूण बंद. आई मला विचारते, मग या बाई जगतात कशावर?"

गोलनाझच्या आईला, तूबा खानूमला, मराठी येत नव्हतं. पण 'कांदा' कळत होता. ती हसली आणि तिने भाताचं पातेलं परातीत उपडं केलं. तळाला धरलेली सोनेरी खरपुडी वर आली. अख्खी, कुठेही न तुटलेली. आपल्याकडे भात लागला की करणारीला बोलणी बसतात. त्यांच्याकडे तो मुद्दाम लावतात, तुपात आणि केशरात, आणि ती खरपुडी पाहुण्याला देतात. तूबा खानूमने कालथ्याने ती मोडली. सगळ्यात मोठा तुकडा माझ्याकडे आला. त्याच्या खालोखालचा तुकडाही माझ्याकडे आला.

"अहो, आणि तुम्हाला?"

"खा, केळशीकरसाहेब," नादेरसाहेब म्हणाले. "तुम्ही खाल्लंत की आम्ही खाल्लं."

नादेरसाहेब म्हणजे गोलनाझचे वडील. ते मोडक्या हिंदीत बोलायचे, आणि हिंदी संपली की फारसीत शिरायचे. मग गोलनाझ मराठीत सांगायची. पाच वर्षं पुण्यात राहून तिचं मराठी माझ्या पुतण्यांपेक्षा बरं झालं होतं.

सप्टेंबर महिना, दुपारचा एक. कॅम्पातल्या एका गल्लीत, एका जुन्या बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचं हॉटेल होतं. पाच टेबलं. दारावर 'तूबाचं घर' असं तीन लिप्यांत लिहिलेलं, त्यातली मराठी अक्षरं गोलनाझने स्वतः रंगवलेली. कबाब नादेरसाहेबांकडे, भात आणि गोड तूबा खानूमकडे, बाजारहाट, गिऱ्हाईक आणि भाषा गोलनाझकडे. त्या रविवारी त्यांनी दाराला 'बंद'ची पाटी लावली होती. चार टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवल्या होत्या, आणि पाचव्यावर एकट्या माझ्यासाठी सहा माणसांचं जेवण मांडलं होतं.

पाण्याच्या जगखाली घडी घातलेला एक कागद होता. सगळ्यांना दिसत होता. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

•

कागदाचं आधीच सांगून टाकतो.

गोलनाझचं शिक्षण संपलं होतं आणि त्याबरोबर इथे राहायची परवानगीही. ती वाढवून हवी असेल तर इथल्या नागरिकाने, शक्यतो सरकारी नोकरीतल्या, लिहून द्यायचं की ही मुलगी माझ्या ओळखीची आहे, हिची जबाबदारी माझी. खाली दोन सह्या. एक त्या माणसाची, एक मुलीच्या वडलांची. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. घरमालकाने हात वर केले होते. मॅडम चातुर्मासातून बाहेर यायला तयार नव्हत्या. मी पाटबंधारे खात्यात अधिकारी होतो. माझ्या नावाचा शिक्का होता.

परत जाणं म्हणजे काय, तेही सांगतो. इथे शिकत असताना गोलनाझने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मिळून एक लेख लिहिला होता, तिकडच्या बायकांच्या तुरुंगाबद्दल. तो नावांसकट छापून आला. मैत्रिणी मे महिन्यात घरी गेल्या. दोघींनाही विमानतळावरूनच नेलं. कुठे नेलं, ते सप्टेंबर आला तरी त्यांच्या आयांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दोन देशांकडे गोलनाझने अर्ज केले होते. दोघांनी नकार कळवला होता.

आता पुन्हा टेबलाशी येतो.

•

पहिल्यांदा

मी घास संपवला, हात पुसले आणि म्हटलं, "नादेरसाहेब, तो कागद द्या इकडे. मी सही करतो."

गोलनाझने ते फारसीत सांगितलं. तूबा खानूमचा वाढायचा डाव भातातच थांबला.

नादेरसाहेबांनी उजवा हात छातीवर ठेवला आणि मान खाली घातली. मग बरंच बोलले. गोलनाझने धडा वाचून दाखवावा तसं एका सुरात सांगितलं, पण माझ्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही.

"बाबा म्हणतात, तुम्ही म्हणालात यातच सगळं आलं. पण तुम्हाला कशाला त्रास? आमची अडचण आमच्यापाशी. तुम्ही आमचे पाहुणे. तुम्ही जेवा."

"बरं," मी म्हटलं.

डाव पुन्हा हलला.

•

पहिल्या आणि दुसऱ्या वेळेच्या मध्ये साधारण चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांत टेबलावर जे होतं ते मला आजही ओळीने सांगता येतं.

कबाब, दोन तऱ्हांचे. भाजलेले अख्खे टोमॅटो. पांढरा भात आणि त्यावर केशराच्या भाताची टोपी. आंबट लाल मण्यांसारखी जरेश्क नावाची बारीक फळं घातलेला दुसरा भात. काकडी आणि पुदिना घातलेलं घट्ट दही, म्हणजे आपल्या कोशिंबिरीची चुलत बहीण. ताक, आपल्यासारखंच, फक्त त्यात वाळलेला पुदिना. मेथी-कोथिंबिरीसारख्या सहा पालेभाज्या मटणात तासन्‌तास शिजवून केलेलं काळपट हिरवं कालवण, गोरमे सब्जी, त्यात वाळवलेलं अख्खं लिंबू. कच्चा कांदा. तुळशीच्या जातीची पानं. भाकरीएवढी मोठी, भोकाभोकांची रोटी.

"घरी माहीत आहे का, तुम्ही इथे काय खाता?" नादेरसाहेबांनी हिंदीत विचारलं. हा त्यांचा दर वेळचा विनोद होता.

"घरी माहीत आहे. सांगावं लागत नाही. शर्टाला वास येतो."

"वहिनी काय म्हणतात?"

"म्हणते, वास चांगला आहे, पण शर्ट बादलीत टाका."

ते मोठ्याने हसले. तूबा खानूमला भाषांतर मिळाल्यावर तीही हसली, आणि मग अचानक उठून आत गेली. भांडं आपटल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गोडाची थाळी होती आणि डोळे धुतलेले होते.

"आई म्हणते, हा हलवा तुम्ही नेहमी शेवटी मागता. आज आधीच केला."

"छान झालाय."

"तिने अजून दिलाच नाहीये काका," गोलनाझ म्हणाली.

•

दुसऱ्यांदा

चहा आला. काचेच्या लहान पेल्यात, बिनदुधाचा. त्यांच्याकडे साखरेचा खडा दातांत धरून चहा पितात. मला ते कधी नीट जमलं नाही. खडा पहिल्याच घोटाला विरघळायचा.

मी पेला खाली ठेवला. "नादेरसाहेब, मी मघाशी बोललो ते मनापासून बोललो. मला त्यात काही अवघड नाही. द्या कागद."

या वेळी त्यांनी आधी बायकोकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. मग छातीवर हात.

"बाबा म्हणतात," गोलनाझ म्हणाली, "तुमच्यासारखा माणूस भेटला, आमचं इथे येणं सार्थकी लागलं. पण उद्या पोलीस चौकशीला तुमच्या घरी येतील. वहिनींना त्रास होईल. शेजारीपाजारी विचारतील. तुमच्या नोकरीत कुणी काही म्हणेल. नको. देव आहे."

नादेरसाहेब माझ्याकडे बघत होते. तूबा खानूम माझ्याकडे बघत होती. एवढ्या अपेक्षेने माझ्याकडे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

"तुम्ही तसं म्हणता तर..." मी म्हटलं. वाक्य मी पुरं केलं नाही. त्यांनीही केलं नाही.

गोलनाझने माझ्यापुढे चहाचा आणखी एक पेला ठेवला.

"अगं, बस झाला."

"घ्या काका."

"दोन झाले माझे."

"म्हणूनच. तिसरा घ्या." तिने पेला माझ्या बोटांना लागेपर्यंत पुढे सरकवला. "तिसरा, काका."

मी तिसरा चहा प्यायलो. धरणात यंदा पाणी किती आहे ते सांगितलं. खडकवासल्याचे दरवाजे दोन आठवड्यांपूर्वी उघडले तेव्हा नदीकाठच्या वस्तीत काय झालं, तेही सांगितलं. कुणी काही विचारलं नव्हतं. मग घड्याळ बघितलं आणि उठलो.

तूबा खानूमने माझ्या बायकोसाठी, कुमुदसाठी, डबा भरून दिला. जरेश्कचा भात, बिनमांसाचा, वेगळ्या भांड्यात केलेला. नादेरसाहेब फाटकापर्यंत आले आणि मी स्कूटर चालू करेपर्यंत उभे राहिले. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, मी त्यांच्यासाठी फार काही करून निघालोय.

•

घरी

"काय झालं?" कुमुदने दारातच विचारलं.

"नको म्हणाले."

"कोण?"

"नादेरसाहेब. मी म्हटलं, द्या, सही करतो. तर नको म्हणाले."

ती डब्याचं झाकण काढत होती. हात थांबला. "किती वेळा विचारलंत?"

"दोनदा."

"दोनदा," ती म्हणाली आणि झाकण परत लावलं.

"मग? दोनदा नको म्हटल्यावर माणसाने काय करायचं? गळ्यात पडायचं? त्यांचाही काही मान असेल."

"बाळूच्या लग्नात," कुमुद म्हणाली, "तुम्ही व्याह्यांच्या पंक्तीत जिलबीचं ताट घेऊन फिरलात. परचुऱ्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले होते. तुम्ही हातांवर वाढलीत. अकरा जिलब्या घातल्यात त्या माणसाला. तो नको नको म्हणत रडकुंडीला आला, आणि तुम्ही म्हणत होतात, माझ्या गळ्याची शपथ आहे. 'नको' या शब्दाला तुम्ही जन्मात कधी मान दिलात?"

"ते वेगळं. ती जिलबी होती."

"हो ना. ती जिलबी होती." ती स्वयंपाकघराकडे वळली, आणि वळता वळता जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर तिने हात ठेवला. "ती पोरगी काल इथे बसून काय सांगून गेली? या खुर्चीवर?"

•

हे मी वर सांगितलं नाही. आता सांगतो.

शनिवारी सकाळी अकराला गोलनाझ आमच्या घरी आली होती. आधी कधी आली नव्हती. कुमुदने पोहे केले. गोलनाझने बशी हातात घेतली आणि परत खाली ठेवली.

"काकू, एक खेळ खेळू. तुम्ही मला पोहे द्या."

"अगं, दिलेत की."

"पुन्हा द्या. मी म्हणते, नको, तुम्ही कशाला त्रास घेतलात. आता तुम्ही काय करता?"

"काय करते म्हणजे? खा म्हणते."

"मी म्हणते, नको, खरंच पोट भरलंय."

"गार होतायत गं, मुकाट्याने खा."

"आता घेते," गोलनाझ म्हणाली आणि पोहे खायला लागली. कुमुद हसत सुटली. "म्हणजे तुमच्यातही आग्रह आहे म्हण की."

"आमच्यात त्याला तआरोफ म्हणतात. पण तुमच्यापेक्षा कडक आहे. पहिल्या दोन 'नको'ना अर्थच नसतो. पहिल्या वेळी हो म्हणणारा माणूस निर्लज्ज. आणि गोष्ट जेवढी मोठी, तेवढं नको म्हणावंच लागतं." मग ती माझ्याकडे वळली. आता हसत नव्हती. "बाबांनी पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. कुणाकडे काही मागितलं नाही. ते तुम्हाला सही मागणार नाहीत. मीही त्यांच्यासमोर मागू शकत नाही. मी मागितलीय असं कळलं तर तो कागद ते हातात घेणार नाहीत. उद्या ते तुम्हाला जेवायला बोलावतील. म्हणजे तेच त्यांचं मागणं. तुम्ही विचारायचं. ते नको म्हणतील. पुन्हा विचारायचं. पुन्हा नको म्हणतील, आणि तुम्हाला घाबरवतीलसुद्धा, म्हणजे तुम्हाला मोकळं व्हायची वाट ठेवतील. ती वाट घ्यायची नाही. तिसऱ्यांदा विचारायचं. तिसऱ्यांदा ते हो म्हणतील."

"तीनदा," मी म्हटलं. "त्यात काय."

"करून टाका हो," कुमुद म्हणाली. "सहीच तर आहे."

गोलनाझ जिना उतरून गेली. खाली जाऊन तिने वर बघितलं आणि तीन बोटं दाखवली. मी खिडकीतून तीन बोटं दाखवली.

•

आणखी एक. मला हे शनिवारी पहिल्यांदा कळलं असंही नाही.

तीन वर्षांपूर्वी मी त्या हॉटेलात पहिल्यांदा जेवलो तेव्हा बिल विचारल्यावर नादेरसाहेब छातीवर हात ठेवून म्हणाले होते, तुमच्याकडून काय घ्यायचं. मला फार बरं वाटलं. मी आभार मानले आणि निघालो. गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो तर मागून एक मुलगी धापा टाकत आली. "काका, तसं नुसतं म्हणायचं असतं! तुम्ही खरंच निघालात!" आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. त्यानंतर तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा, नादेरसाहेब नको म्हणायचे, मी घ्या म्हणायचो, ते नको, मी घ्या, ते नको, मी घ्या. मग ते घ्यायचे. मी एकदाही दोनवर थांबलो नाही.

•

कारण.

मला कुणी धमकावलं नव्हतं. नोकरीला काही होणार नव्हतं, हे मी साहेबांना सहज म्हणून विचारून घेतलं होतं. "ओळखीचे असतील तर द्या लिहून," म्हणाले होते.

नादेरसाहेब पोलिसांचं बोलले तेव्हा मला आमचा जिना दिसला. तळमजल्यावरचे वाकणकर दिसले, पायरीवर पेपर घेऊन बसलेले. हवालदार त्यांना विचारतोय, केळशीकर कुठल्या मजल्यावर. वाकणकर चष्मा वर करून बघतायत.

एवढंच. पुढचं चित्रसुद्धा मला दिसलं नव्हतं. बावीस वर्षं मी याहून मोठं कारण शोधतोय.

•

सोमवार

सकाळी कुमुदने शर्ट काढून ठेवला. खिशाला पेन लावलेलं होतं. "आजचा दिवस आहे अजून," ती म्हणाली. मी "हो" म्हटलं.

सोमवारी मी केलेल्या सह्या:

डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाचा अहवाल, प्रत्येक पानावर. शिपाई कोंडिबा शेलार यांची तीन दिवसांची रजा. जीपच्या टायरची मागणी. उंदरांनी कुरतडलेल्या नकाशांबद्दलचं पत्र. हजेरीपट. एका मुलाच्या रहिवासी दाखल्याची खरी प्रत. तो मुलगा कोण, मला माहीत नव्हतं, कुणीतरी पाठवला होता. त्याच्या वडलांच्या दाखल्याचीही. शिक्का पुसट उठला म्हणून ती पुन्हा एकदा.

साडेतीनला बाहेर पडलो. स्कूटर कॅम्पाकडे घेतली. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तर हॉटेल उघडं होतं. गोलनाझ दारात उभी होती, रस्त्याकडे तोंड करून, हातात फाइल. मी वळलो नाही. सरळ गेलो, पुढच्या चौकातून फिरून ऑफिसात आलो.

तिने मला पाहिलं नसेल, असं मी कुमुदला सांगितलं. पाहिलं होतं. मी आरशात बघितलं तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध येऊन उभी होती.

साडेचारच्या सुमारास ऑफिसातला फोन वाजला. शेलारने घेतला. "साहेब, तुमच्यासाठी. कुणीतरी बाई आहे, मराठी बोलतेय, पण नाव वेगळंच सांगतेय."

"साइटवर गेलेत म्हणून सांग," मी म्हटलं.

•

पुढे काय झालं ते इथेच सांगतो, म्हणजे शेवटी सांगावं लागणार नाही.

त्यांना सात दिवस मिळाले. आईवडलांची परवानगी शिल्लक होती, ते राहू शकले असते. नादेरसाहेब म्हणाले, मुलगी एकटी जाणार नाही. हॉटेलातली भांडी वाटून टाकली. तिकडच्या विमानतळावर आईवडलांना बाहेर सोडलं. मुलीला सोडलं नाही.

दोन महिन्यांनी आमच्या घरी फोन आला. कुमुदने उचलला. तूबा खानूम होती. तिला मराठी येत नव्हतं, कुमुदला फारसी. तरी दोघी दहा मिनिटं फोनवर होत्या. तूबा खानूम बोलायची आणि कुमुद "हो गं, हो गं" म्हणायची. एक शब्द तेवढा कळत होता, मुलीचं नाव. मी समोर बसलो होतो. कुमुदने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.

पुढे त्यांच्याकडचा एक विद्यार्थी कॅम्पात भेटला. त्याच्याकडून कळलं की खटला झाला, कसा झाला ते कुणाला माहीत नाही. त्यानंतर तो विद्यार्थीही गेला. मी लिहिलेली दोन पत्रं परत आली. कुमुद सहा वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत ती मला याबद्दल एक शब्द बोलली नाही. पंक्तीत वाढायला मात्र तिने मला पुन्हा कधी उठू दिलं नाही. "तुम्ही बसा," म्हणायची, चारचौघांत, अगदी सहज.

•

तिसऱ्यांदा

ते निघाले त्या सकाळी मी गेलो. आठ वाजले असतील. मुंबईची टॅक्सी गल्लीत उभी होती. ड्रायव्हर टपावर बॅगा बांधत होता. नादेरसाहेबांनी कोट घातला होता, टाय लावला होता. मला बघून ते पुढे आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

फारसीत बोलले. गोलनाझ टॅक्सीच्या दाराला टेकून उभी होती. तिने तिथूनच, माझ्याकडे न बघता सांगितलं.

"बाबा म्हणतात, तुम्ही सोडायला आलात, केवढे उपकार. त्या दिवशी आम्ही तुम्हाला संकोचात टाकलं, त्याची माफी असावी."

"अहो, माफी कसली..."

"म्हणतात, तुम्ही मनाने मोठे आहात. तुम्ही विचारलंत हे ते विसरणार नाहीत."

तूबा खानूम आधीच गाडीत बसली होती. तिने काचेतून हात हलवला. हात हलवावा म्हणून हलवला.

मग मी ते बोललो. का बोललो याचं उत्तर मला ठाऊक आहे: मुदत आठवड्यापूर्वी संपली होती, आणि आता बोलायला काही लागत नव्हतं. पण त्या क्षणी मला वाटलं की माझा गळा भरून आलाय.

"नादेरसाहेब, ऐका माझं. नको म्हणू नका. मी सही करतो. करतोच."

गोलनाझने सांगितलं नाही.

नादेरसाहेबांनी तिच्याकडे बघितलं. काय म्हणतात, असं विचारलं असावं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मीच हिंदीत म्हटलं, "मैं साइन करता हूँ, नादेरसाहब. करूँगा ही."

त्यांचा हात छातीकडे गेला नाही. मानही खाली गेली नाही. ते माझ्याकडे सरळ बघत राहिले आणि एक शब्द बोलले, इतक्या लगेच की तो तोंडात तयारच असावा.

टपावर दोरी आवळणारा ड्रायव्हर थांबून खाली बघायला लागला. गाडीत तूबा खानूमने तोंडावर पदरासारखा रुमाल दाबला.

"काय म्हणाले?" मी गोलनाझला विचारलं.

"हो म्हणाले," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"काका, जरा बाजूला व्हा," गोलनाझ म्हणाली. "त्याला गाडी मागे घ्यायचीय."

मी बाजूला झालो.